घरची गोष्ट, घरची वही

मंडळी,

आता तुम्हाला लिहिता-वाचता येऊ लागले आहे. एसटीची पाटी तुम्ही वाचता. सातबारा वाचता. अंगठ्याच्या जागी सही करता. ही लहान गोष्ट नाही. मी अडतीस वर्षे मास्तरकी केली, शेवटी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. पहिल्यांदा सही करणाऱ्या माणसाचा हात कसा थरथरतो, ते मी पुष्कळदा पाहिले आहे.

आज तुम्हाला लिहिण्याचा आणखी एक उपयोग सांगतो. त्याने पैसा मिळत नाही. सरकारी कामही होत नाही. पण तो केला नाही, तर घरातले काहीतरी कायमचे जाते. ते पुन्हा कोणत्याही बाजारात मिळत नाही.

आधी एक प्रश्न विचारतो. तुमच्या आजोबांचे नाव काय? लगेच सांगाल. पणजोबांचे? थोडे थांबून तेही सांगाल. जमिनीच्या जुन्या कागदावर ते असते. आता पणजीचे नाव सांगा.

अडलात ना? साक्षरतेच्या वर्गात मी हा प्रश्न विचारतो, तेव्हा एखाद-दुसराच हात वर होतो. जिच्या पोटी आपला आजा जन्मला, जिने हे घर उभे केले, तिचे नावसुद्धा घरात कुणाला ठाऊक नसते. नावच राहिले नाही, तर तिने काय सोसले, कशापायी हट्ट धरला, कोणाला मदत केली, हे कुठून राहणार?

तोंडी गोष्ट आजीकडून नातवाकडे येते. नातू ती अर्धी विसरतो. त्याच्या पोरांना पाव गोष्ट मिळते. पुढे काहीच नाही. हे किती महागात पडते, ते मी माझ्याच घरी पाहिले.

विहिरीला कुलूप

आमचे गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. आमच्याकडे पाऊस वाट चुकल्यासारखा येतो.

२०१३ सालचा उन्हाळा होता. आदल्या दोन्ही वर्षी पाऊस नीट झाला नव्हता. गावात टँकर चार-चार दिवसांनी येई. जनावरे छावणीला नेली होती. आमच्या घरच्या जुन्या विहिरीला तेवढे थोडे पाणी होते. ही विहीर वाटणीत माझ्या पुतण्याकडे आली आहे. त्याने डाळिंब लावले होते. त्यावर बँकेचे कर्ज होते. झाडे जगवायची म्हणून त्याने विहिरीवर लोखंडी जाळी बसवली आणि जाळीला कुलूप घातले. बायका रिकामे हंडे घेऊन परत जाऊ लागल्या.

मी तेव्हा दुसऱ्या गावी नोकरीला होतो. सुट्टीत घरी आलो, तेव्हा ते कुलूप पाहिले. मला राग आला. मी पुतण्याला म्हणालो, "अरे, माणुसकी काही आहे की नाही? आपलं घराणं काय, आणि तू करतोस काय?"

तो म्हणाला, "तात्या, घराणं काय होतं ते मला काय ठाऊक? मला ठाऊक आहे ते कर्ज. ते माझ्या नावावर आहे."

मी गप्प बसलो. त्याचे बोलणे खरे होते. मी त्याला उपदेश पुष्कळ केला होता. घराची गोष्ट कधी सांगितली नव्हती.

त्या रात्री अंगणात बाज टाकून मी त्याला ती गोष्ट सांगितली.

१९७२ साली पाऊस पडला नाही. लोक त्याला बाहत्तरचा दुष्काळ म्हणतात. पण खरी झळ लागली ती १९७३ च्या उन्हाळ्यात. विहिरी आटल्या. सरकारने कामे काढली. कुठे पाझर तलाव, कुठे रस्ता, कुठे खडी फोडणे. लाखो माणसे त्या कामांवर जात होती. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळे. कामावर सुकडी मिळे. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. त्या सुकडीची चव अजून जिभेवर आहे.

आजोबा वारले होते. घरचा कारभार आजीकडे होता. आमच्या विहिरीत रात्रीतून कमरेइतके पाणी साठे. तेवढ्या पाण्यावर अर्धा एकर कांदा उभा होता. त्या कांद्याच्या भरवशावर माझ्या आत्याचे लग्न ठरले होते.

एके दिवशी गावचा आड आटला. बायका हंडे घेऊन आमच्या विहिरीवर आल्या. चुलते म्हणाले, "पाणी दिलं तर कांदा जातो." भावकी म्हणाली, "आज गावातल्यांना दिलंत, उद्या ओढ्यापलीकडची बौद्धवस्तीही येईल." आजी म्हणाली, "आधी माणसं. मग जनावरं. मग कांदा."

सगळ्यांना पाणी मिळाले. ओढ्यापलीकडच्या वस्तीलाही मिळाले. कांदा वाळून गेला. आत्याचे लग्न दोन वर्षे लांबले. भावकीतल्या एका घराने आमच्याशी बोलणे सोडले. ते पुढे कित्येक वर्षे बोलले नाहीत.

एवढी गोष्ट मी सांगितली. पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तात्या, हे मला आधी कुणी सांगितलं का नाही?"

दुसऱ्या दिवसापासून त्याने रोज सकाळी दोन तास जाळी उघडी ठेवली. आधी माणसे, मग उरलेले पाणी झाडांना. त्या उन्हाळ्यात त्याची काही झाडे गेली, काही वाचली. त्याचे नुकसान झाले, हे मी लपवीत नाही. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. विहीर वाटणीत त्याच्याकडे आली होती. विहिरीची गोष्ट आली नव्हती.

उपदेश आणि गोष्ट

तुम्ही म्हणाल, गुरुजी, पोरांना आम्ही रोज सांगतोच की. खरं बोल. कष्ट कर. दुसऱ्याचं घेऊ नको.

मीही सांगत असे. शाळेच्या फळ्यावर रोज एक सुविचार लिहीत असे. मुले तो वहीत उतरवून घेत. दुसऱ्या दिवशी फळा पुसून मी नवा सुविचार लिही. आज माझे जुने विद्यार्थी भेटतात. एकालाही त्यातला एक सुविचार आठवत नाही. पण वर्गात सांगितलेल्या गोष्टी त्यांना आठवतात.

नुसता उपदेश म्हणजे बियाण्याविना चालवलेली पाभर. पाभर रानभर फिरते, तास पडतात, पण उगवत काहीच नाही. गोष्टीत बी असते. गोष्टीत आपल्या घरचे माणूस असते. त्याच्यापुढे अडचण असते. ते काहीतरी ठरवते आणि त्याची किंमत मोजते. "शेजाऱ्याला मदत कर" हे वाक्य पोरगा ऐकून सोडून देतो. पण "तुझ्या पणजीने पाणी दिलं आणि कांदा गेला" हे तो विसरत नाही. त्याला कळते की चांगले वागायला काहीतरी सोडावे लागते, आणि आपल्या घरात ते कुणीतरी सोडले होते.

म्हणून घरात जे चांगले म्हणून तुम्ही मानता, ते पुढच्या पिढीला द्यायचे असेल, तर त्यामागची गोष्ट द्या. कधी घडले, कोणी केले, काय गेले, काय राहिले, ते सांगा.

चुकीचीही गोष्ट सांगा. माझ्या आजोबांना वाचता येत नव्हते. त्यांनी सावकाराच्या कागदावर अंगठा उमटवला आणि दीड एकर रान गेले. घराला त्याची लाज वाटे. म्हणून कुणी ते बोलत नसे. पुढे माझ्या चुलत्यांना वाचता येत होते, तरी त्यांनी एका व्यवहारात कोऱ्या कागदावर सही केली आणि ते फसले. आजोबांची गोष्ट त्यांना कोणी नीट सांगितली असती, तर कदाचित हात आखडला असता. झाकून ठेवलेली चूक घरात पुन्हा जन्म घेते.

पूर्वी हे काम कोण करीत असे?

घराण्याची आठवण जपावी, ही ओढ काही नवी नाही. पूर्वी त्यासाठी माणसे होती.

कोल्हापूर-सांगलीकडच्या गावांत हेळवी येतो. पूर्वी तो बैलावर बसून येई. तुमच्या घराण्याचा मूळ पुरुष कोण, तो कोणत्या गावाहून आला, त्याला मुले किती, हे सारे तो म्हणून दाखवी. धान्य घेई आणि घरात नवीन पोर जन्मले असेल तर तेही ध्यानात ठेवी. नाशिकला, त्र्यंबकेश्वरला यात्रेला गेलात, तर तिथले तीर्थोपाध्याय तुमचे गाव आणि आडनाव विचारतात आणि जुनी वही काढतात. तुमचे आजोबा, पणजोबा यात्रेला आले असतील, तर त्यांची नावे त्या वहीत निघतात. पुष्कळांना आपल्या पूर्वजांची नावे तिथेच पहिल्यांदा कळली आहेत.

पण या नोंदींत बहुतेक नावे असतात. त्या माणसांची सुखदुःखे नसतात.

सुखदुःखे होती ती बायकांच्या ओव्यांत. पहाटे जात्यावर बसून बाई दळता दळता गाई. माहेर, भाऊ, सासू, लेक, दुष्काळ, सारे त्यात येई. पुढे गावोगाव पिठाची गिरणी आली. बायकांचे कष्ट वाचले, हे फार चांगले झाले. पण जाते थांबले आणि ओवीही थांबली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ या दोघांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. लिहून घेतल्या म्हणून त्या राहिल्या. ज्या बायकांपर्यंत कोणी पोहोचले नाही, त्यांच्या ओव्या त्यांच्याबरोबर गेल्या.

बहिणाबाई चौधरी यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. जळगावजवळच्या असोदे गावी १८८० साली त्यांचा जन्म झाला. त्या शेतकरी घरातल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरकाम करताना, शेतात राबताना त्या आपली गाणी म्हणत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ यांनी त्यांतली काही गाणी कागदावर उतरवून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई वारल्या. १९५२ साली त्यांच्या गाण्यांचे पुस्तक निघाले आणि साऱ्या महाराष्ट्राने ते डोक्यावर घेतले. विचार करा, घरातल्या कोणी कागद-पेन्सिल घेतली नसती, तर त्यांतले एक तरी गाणे आपल्याला मिळाले असते का?

प्रत्येक घरात बहिणाबाई नसते. पण प्रत्येक घरात काहीतरी सांगण्यासारखे घडलेले असते. आता पेन्सिल तुमच्या हातात आहे.

वही कशी लिहावी?

शंभर पानांची साधी वही घ्या. पहिल्या पानावर घरातल्या माणसांची नावे लिहा. आधी आपले, मग आईवडिलांचे, मग दोन्हीकडच्या आजी-आजोबांचे. बायकांची नावे लिहिताना माहेरचे नाव आणि माहेरचे गावही लिहा. आपल्याकडे लग्नात नाव बदलण्याची चाल होती. माहेरचे नाव लिहिले नाही, तर ते लवकर पुसले जाते.

मग गोष्टी लिहा. एका पानावर एकच गोष्ट लिहावी. पाच-सहा वाक्ये झाली तरी पुरे. शुद्धलेखनाची काळजी करू नका. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर नातू सुधारून घेईल. गोष्टच राहिली नाही, तर त्याला काही करता येणार नाही. जशी बोलता तशीच लिहा.

काय लिहावे, असा प्रश्न पडेल. घरातल्या म्हाताऱ्या माणसापाशी बसा आणि विचारा. लहानपणी घर कसे होते? पोटाला काय मिळे? सर्वांत वाईट दिवस कोणता? त्या वेळी कोण उपयोगी पडले? कोणाचे उपकार फेडायचे राहिले? कोणती चूक पुन्हा करू नये? एका दिवशी एकच प्रश्न विचारावा. म्हातारी माणसे घाईत बोलत नाहीत. शेंगा फोडताना, भाजी निवडताना विचारा, म्हणजे ती आपोआप बोलू लागतात. घरात मोबाइल असेल, तर नातवाला सांगून आवाज भरून घ्या. पण मोबाइल बिघडतो, हरवतो. म्हणून मागाहून वहीत लिहाच.

साल कसे काढावे? आपल्या जुन्या माणसांना जन्मसाल ठाऊक नसते. शाळेच्या दाखल्यावर विसंबू नका. गावातल्या पुष्कळ माणसांचा वाढदिवस १ जूनला असतो, हे तुम्ही पाहिले असेल. पोराला शाळेत घालताना बाप जन्मतारीख सांगू शकत नसे. मग गुरुजी अंदाजाने १ जून लिहीत. मीही तसे लिहिले आहे. आज त्याचे वाईट वाटते. पोराच्या आईला नीट विचारले असते, तर खरे साल निघाले असते. तिला तारीख आठवत नसे, पण काय घडत होते ते आठवे.

तिच्याच वाटेने साल शोधा. मोठ्या घटनांची साले ठरलेली आहेत. मानमोडीची साथ १९१८ साली आली. देश स्वतंत्र झाला १५ ऑगस्ट १९४७ रोजी. महाराष्ट्र राज्य झाले १ मे १९६० रोजी. पानशेतचे धरण फुटले १२ जुलै १९६१ रोजी. कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे. दुष्काळ १९७२ चा. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला. करोनाची साथ २०२० साली आली. माझी चुलती म्हणे, "कोयनेचा भूकंप झाला, तवा थोरला पाळण्यात होता. पाळणा आपोआप हलाय लागला." चुलतभावाच्या दाखल्यावर १९६५ साल होते. चुलतीच्या या एका वाक्याने ते चुकीचे ठरले. तो १९६७ च्या सुमारास जन्मला.

जुने कागदही उपयोगी पडतात. सातबारा, फेरफार, गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी पाहा. या नोंदींना लोक कोतवाल बुक म्हणतात. लग्नाची पत्रिका, घरातल्या भांड्यांवर घातलेली नावे पाहा. तांब्याच्या हंड्यावर माझ्या पणजीच्या भावाचे नाव आणि साल मला मिळाले. घरात हंडा होता म्हणून तेवढे तरी राहिले.

वही लोखंडी पेटीत ठेवा. वाळवी लागू देऊ नका. वर्षातून एकदा, दिवाळीला सारे जमतात तेव्हा, त्यातले एखादे पान पोरांकडून मोठ्याने वाचून घ्या. आणि एक प्रत सासरी गेलेल्या लेकीलाही द्या. घराची गोष्ट तिचीही आहे.

लिहायचे तर खरे लिहा

आता शेवटची आणि सर्वांत अवघड गोष्ट सांगतो.

निवृत्त झाल्यावर मी माझ्या घरची वही लिहायला घेतली. पहिली गोष्ट विहिरीची लिहिली. आजीचे मोठेपण लिहिताना ऊर भरून आला. मग मनात आले, त्या विहिरीवर पाणी भरलेले कोणी हयात असेल, तर त्यांनाही विचारावे. ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या एक आक्का हयात होत्या. मी वही घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा दिला. मी माझे पान वाचून दाखवले.

आक्कांनी सारे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "पानी दिलं, ते खोटं न्हाई. तुमच्या आजीनं पानी दिलं म्हनून माझी पोरं जगली. पर गुरुजी, आमाला दोराला हात लावू देत न्हवती. गावातल्या बाया सोता पोहरा वडायच्या. आमी आपला हंडा खाली ठिवायचा आन् लांब हुबं ऱ्हायचं. तुमच्या घरच्या बायांनी वरनं वतायचं. निम्मं पानी मातीत जायचं. त्या दुस्काळात."

मला काय बोलावे ते सुचेना.

आक्का पुढे म्हणाल्या, "म्हैनाभर असं चाललं. मग एक दिस तुमची आजी तापानं पडली. घरातली समदी कामावर गेलेली. वतायला कुनी न्हाई. आमी काठावर हुब्या. तिनं बाजंवरनं बघितलं आन् म्हनली, 'दोर तितंच हाय. तुमीच वडा.' ती बरी झाली, तरी तिनं पुन्यांदा आमाला अडवलं न्हाई. भावकीतलं घर बोलायचं बंद झालं, ते त्या दिसापासनं. गुरुजी, लिवताय तर समदं लिवा."

मी घरी आलो. दोन दिवस वही उघडली नाही. अस्पृश्यता आपल्या राज्यघटनेने १९५० सालीच बंद केली होती. आमच्या विहिरीवर ती १९७३ च्या उन्हाळ्यापर्यंत होती. मी त्या वेळी अकरा वर्षांचा होतो. मी रोज विहिरीवर जात होतो. त्या बायका लांब उभ्या असत, हे मी पाहिले असलेच पाहिजे. पण मला ते आठवत नव्हते. ज्यांना लांब उभे राहावे लागले, त्यांना मात्र ते पन्नास वर्षांनी आठवत होते.

तिसऱ्या दिवशी मी सारे लिहिले. आजीने पाणी दिले, हे लिहिले. वरून ओतून दिले, हेही लिहिले. मग दोर सोडला, हेही लिहिले.

आधी माझी गोष्ट एवढेच सांगत होती की आजी चांगली होती. आता ती जास्त काही सांगते. चांगल्या माणसाच्या हातूनही अन्याय होतो. त्याला तो दिसतही नाही. आणि साठी उलटलेल्या अडाणी बाईला एका दिवसात आपली जुनी चाल सोडता येते. माझ्या नातवंडांना यातले जास्त उपयोगी पडेल. त्यांच्याही हातून चुका होतील. चूक सोडता येते, हे त्यांना घरच्याच माणसाकडून कळेल.

म्हणून सांगतो, वहीत मोठेपणा फुगवू नका. आपली जात, आपले कूळ कसे उंच, हे लिहीत बसू नका. कोणाचे वैरही लिहून पोरांच्या गळ्यात बांधू नका. भांडण लिहायचे असेल, तर आपली चूकही त्यात लिहा. आणि जमेल तेव्हा दुसऱ्या बाजूच्या माणसाला विचारा. आपल्या घराची अर्धी गोष्ट पुष्कळदा दुसऱ्याच्या घरात असते.

नवे पान घेऊन मी पुन्हा आक्कांकडे गेलो. या वेळी त्यांची नात घरी होती. तिने ते मोठ्याने वाचले. आक्का म्हणाल्या, "आता बराबर हाय." मग त्यांनी विचारले, "माझं नाव घातलंय का त्यात?"

घातले होते. नातीने त्यांचे बोट धरून नावावर टेकवले. आक्कांना वाचता येत नाही. त्यांनी ते बोट बराच वेळ तिथेच ठेवले. मग मला म्हणाल्या, "माझ्या आईचंबी घाला. तीबी तितंच पानी भरायची." त्यांनी आईचे नाव सांगितले आणि मी ते लिहून घेतले. ते आजवर कुठल्याही कागदावर आलेले नव्हते.

मंडळी, आज रात्री एवढेच करा. घरातल्या सर्वांत वडील माणसाजवळ बसा. आपल्या पणजीचे नाव विचारा. माहेरचे नाव आणि गावही विचारा. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. नाव कुणालाच ठाऊक नसेल, तर ओळ मोकळी सोडा आणि शेजारच्या गावी एखादी म्हातारी आत्या असेल, तिच्याकडे उद्या जा. उशीर करू नका.